आयर्लंडातील कुळे आणि मराठवाड्याची रयत : दोन दुष्काळांचा अभ्यास

परमुलखातील शेतकऱ्यांच्या हकीकती आमच्या पत्रात कशासाठी छापता, असा प्रश्न आमच्या काही सभासदांनी वेळोवेळी केला आहे. प्रश्न रास्त आहे. ज्याच्या विहिरीचे पाणी फाल्गुनातच खाली जाते, त्यास सात समुद्रांपलीकडील कुणब्याच्या दुःखाशी काय कर्तव्य? त्याचे उत्तर युक्तिवादाने देण्यापेक्षा दोन आकड्यांनी द्यावे हे बरे. सन १८४१ च्या खानेसुमारीत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लक्ष ७५ हजार भरली. दहा वर्षांनी, १८५१ साली, ती ६५ लक्ष ५२ हजार राहिली. म्हणजे शेकडा २० माणसे कमी झाली. आता घरचा आकडा पाहावा. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात १८९१ साली ६ लक्ष ४२ हजार माणसे होती; १९०१ साली ४ लक्ष ९२ हजार उरली. ही घट शेकडा २३ पडते. औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या आसमंतात, त्याच दहा वर्षांत ८ लक्ष २९ हजारांचे ७ लक्ष २१ हजार झाले.

आयर्लंडच्या त्या संकटावर आजवर ग्रंथांची कपाटे भरली आहेत. बीडच्या त्या दशकाविषयी आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत चार ओळी शोधून सापडणे कठीण. दोन्ही ठिकाणी राणी एकच, व्हिक्टोरिया. तिची कारकीर्द १८३७ ते १९०१. आयर्लंडावर तिचा अंमल थेट होता, आमच्यावर निजाम सरकारचा होता व त्याच्या डोक्यावर इंग्रजांचा रेसिडेंट होता, एवढाच फरक. तेव्हा त्या काळी त्या बेटावरील कुळे कशी जगत, काय खात, जमीन कोणाच्या नावे असे, आणि आमची रयत कशी नांदत होती, हे शेजारी शेजारी मांडून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

आयर्लंड हे बेट मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांहून काहीसे मोठे. हवा थंड, पाऊस बारमाही, कुरणे हिरवीगार. दुष्काळ पडावा असा तो मुलूखच नव्हे. परंतु जमीन कसणाऱ्याची नव्हती. मालक बहुधा इंग्रज किंवा इंग्रज वंशाचा जमीनदार. तो पुष्कळदा लंडनला किंवा डब्लिनला राही. त्याने मोठा टापू एका मध्यस्थास दीर्घ मुदतीने द्यावा, मध्यस्थाने त्याचे तुकडे करून दुसऱ्यास द्यावे, दुसऱ्याने तिसऱ्यास. आणि अगदी तळाच्या मजुराने एका पिकापुरती अर्धा-एक एकर जमीन घेऊन तिचा खंड अंगमेहनतीने फेडावा, अशी ती उतरंड होती. आमच्याकडे १८५३ साली पहिले सालारजंग दिवाण होईपर्यंत वसुलाचा इजारा सावकारांस व सरदारांस दिला जाई, आणि इजारदार पोटइजारदार नेमी. ती रीत आठवली म्हणजे आयर्लंडची उतरंड समजण्यास वाचकांस अडचण पडू नये. सालारजंगांनी इजारे मोडले, १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन रयतेच्या नावे खाते लागू लागले. जहागिरींतील गावे मात्र ह्या सुधारणेच्या बाहेर राहिली. तेथील कुळाची स्थिती आयर्लंडच्या कुळासारखीच होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आयरिश कुळाची खरी अडचण खंडाच्या आकड्यापेक्षा खंडाच्या अनिश्चितीत होती. त्याने दगड वेचून बांध घातला, चर खणून पाणथळ सुकविली, छपराचे घर बांधले, की जमिनीची किंमत वाढली आणि खंडही वाढला. देता आला नाही तर नोटीस. केलेल्या सुधारणेची भरपाई उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात रूढीने मिळे, इतरत्र नाही. मग सुधारणा कोण करील? आमच्याकडे बटईने जमीन घेणारा मनुष्य दुसऱ्याच्या रानात शेणखताच्या गाड्या का टाकत नाही, हे कोणत्याही पाटलास विचारावे.

आता त्यांच्या घरात शिरू. खेड्यांतील जवळजवळ निम्मी कुटुंबे एका खोलीच्या मातीच्या झोपडीत राहत. खिडकी बहुधा नसे. धूर दारातून वा छपराच्या भोकातून जाई. चुलीत लाकूड नव्हे, तर दलदलीतून कापून वाळविलेल्या कुजक्या मुळ्यामातीच्या विटा जळत. हा विस्तव रात्री राखेत झाकून ठेवावयाचा आणि वर्षानुवर्षे विझू द्यावयाचा नाही, अशी चाल होती. घरात एक डुक्कर असे. त्यास उरलेले बटाटे व साली घालून पोसावयाचे आणि खंडाच्या वेळी विकावयाचे. म्हणून लोक त्यास विनोदाने खंड भरणारा सद्गृहस्थ म्हणत. कोंबड्या व अंडी ही गृहिणीची मिळकत, त्यांवर नवऱ्याचा हात चालत नसे. आमच्या वाचकांच्या घरी म्हशीच्या तुपाचा आणि अंड्यांचा पैसा कोणाच्या गाठीला बांधला जाई, हे आठवून पाहावे.

जेवण म्हणजे बटाटे. थोडे नव्हे, कामकरी पुरुष दिवसास १२ ते १४ पौंड, म्हणजे आपले सहा-सात पक्के शेर, उकडलेले बटाटे खाई. सोबत ताक, समुद्रकाठी एखादी खारी मासळी. ऐकून हसू येते खरे, पण वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा आहार वाईट नव्हता. बटाटा व ताक ह्यांवर माणसे धट्टीकट्टी राहत, मुले पुष्कळ होत. एक एकरभर बटाट्यांवर सबंध कुटुंबाचे वर्ष बहुतेक निघे, म्हणून बाप मुलांस जमिनीचे तुकडे वाटून देई, मुले लवकर लग्ने करीत. गहू, जव व ओट शेतात पिकत नव्हते असे नाही. परंतु ते खंडासाठी विकले जात. पोट एका पिकावर आणि खंड दुसऱ्यावर, अशी ही विभागणी होती.

त्या पोटाच्या पिकात एक मोठी खोट होती. बटाटा टिकत नाही. जमिनीत खड्डा करून, पेंढा व माती घालून तो साठवीत, पण आठ-नऊ महिन्यांपुढे त्यास मोड येत किंवा तो सडे. जुना बटाटा संपून नवा निघेपर्यंतचे उन्हाळ्याचे दोन महिने चांगल्या सालीही उपासाचे असत. जुलै महिन्यास तेथे भुकेचा जुलैच म्हणत, आणि ह्या दिवसांत बायकामुले लांबच्या गावी, जेथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी, भिक्षेस निघत.

येथे आम्हांस आमच्या पेवाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मुरमाड, कोरड्या, उंच जागी माणूस-दोन माणूस खोल खणलेले, तोंडाशी अरुंद व पोटाशी रुंद असे पेव. त्यास आतून कडब्याचा व भुसाचा थर, तोंडावर दगड आणि वर मातीचा लिंपा. त्यात ज्वारी तीन-चार वर्षे, क्वचित त्याहून अधिक टिके. कडेच्या ज्वारीस कोंदट वास येई, पण मधली धड राही. पेव उघडल्यावर लगेच आत उतरावयाचे नाही. कोंडलेली हवा जाऊ द्यावयाची, दिवा सोडून पाहावयाचा, दिवा विझला तर थांबावयाचे. ही शिस्त न पाळल्याने माणसे दगावली आहेत. सांगावयाचे ते असे की आयर्लंडच्या कुळाजवळ मागील सालचे अन्न कधीही नसे, आणि आमच्या कुणब्याजवळ ते असू शकत होते. मग १८९९ साली ते का नव्हते? ह्याकडे आम्ही पुढे येऊ.

सन १८४५ च्या सप्टेंबरात आयर्लंडात बटाट्याच्या पानांवर काळे डाग दिसू लागले. काही दिवसांत वेल करपून जाई व खणून पाहावे तो आत घाण वासाचा काळा लगदा. अमेरिकेतून आलेली ही बुरशी. शास्त्रीय नाव फायटोफ्थोरा. थंड दमट हवेत तिचे बीज वाऱ्यावर उडून रानेच्या राने व्यापते. पहिल्या वर्षी पिकाचा तिसरा हिस्सा ते निम्मे गेले, दुसऱ्या वर्षी जवळजवळ सगळे. गरिबांच्या शेतात बहुतेक एकच वाण होते, लंपर नावाचे, भरघोस येणारे. आणि बटाटा फोडीपासून लावीत असल्याने सर्व झाडे जणू एकाच झाडाची भावंडे. एकास रोग लागला की कोणीच वाचावयाचे नाही. मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण, जे आज आपले द्राक्षबागाईतदार डोळे मिटून तयार करतात, त्याचा शोध फ्रान्सात १८८५ च्या सुमारास लागला. चाळीस वर्षे उशिरा. एकाच वाणाच्या ह्या गोष्टीवर आम्ही मुद्दाम थांबतो. सन २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली, तेव्हा गावेच्या गावे एकाच जातीच्या बियाण्यावर विसंबली होती. बियाणे कंपन्या, सरकार आणि शेतकरी ह्यांनी एकमेकांकडे बोट दाखविले. कपाशीभोवती दुसऱ्या वाणाचे पट्टे लावावे, ही पाकिटावरील सूचना आम्ही स्वतः तरी कितीदा पाळली, हे मनाशी विचारावे.

रोग आला तो निसर्गाने. माणसे मेली ती मात्र केवळ निसर्गाने नव्हे. प्रधान पील ह्यांनी प्रथम अमेरिकेतून एक लक्ष पौंडांचा मका गुप्तपणे खरेदी करविला, हे त्यांचे श्रेय. पण हा मका कठीण, दोनदा दळावा लागणारा. बटाट्यावर पिढ्या गेलेल्या घरांतून दळण्याचे साधन आणि सवय राहिली नव्हती. गिरण्या पश्चिमेकडे थोड्या. अर्धवट शिजलेल्या भरडीने पोटे बिघडली. पहाटे जात्यावर बसणारी आमची आजी कोणतेही धान्य दळून भाकरी थापू शके, ही गोष्ट आम्ही क्षुल्लक समजतो. दुष्काळात ती क्षुल्लक नसते.

पुढील वर्षी सरकार बदलले, आणि बाजारात हात घालू नये हे अर्थशास्त्र खजिन्याच्या मुख्य अधिकाऱ्याने, चार्ल्स ट्रेव्हेल्यन ह्याने, कडकपणे चालविले. धान्य मोफत देऊ नये, कामावर मजुरी द्यावी, म्हणून खडी फोडण्याची व रस्त्यांची कामे निघाली. मार्च १८४७ मध्ये अशा कामांवर सात लक्षांहून अधिक माणसे होती. उपाशी माणसास हातोडा देऊन खडी मोजून मजुरी द्यावयाची, आणि तो हिवाळा तेथील कडक हिवाळ्यांपैकी एक. कोठूनही निघून कोठेही न जाणारे ते रस्ते तेथे आजही दाखविले जातात. मग १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारने पेजेची केंद्रे उघडली. जुलैत रोज सुमारे ३० लक्ष लोक तेथे जेवत. हा उपाय स्वस्त होता आणि लागूही पडला. शरद ऋतूत तो बंद करून सर्व भार स्थानिक अनाथगृहांवर टाकण्यात आला. का, तर दुष्काळ संपला असे कागदावर ठरले होते.

ह्याच वर्षीच्या कायद्यात एक कलम होते. ज्याच्याजवळ पाव एकराहून अधिक जमीन असेल त्यास मदत नाही. पाव एकर म्हणजे आपले १० गुंठे. अकरावा गुंठा ज्याच्याजवळ होता त्याने एक तर तो सोडावा नाहीतर उपाशी राहावे. सोडणाऱ्याचे छप्पर मालकाची माणसे उतरवीत, म्हणजे तो परत येऊ नये. पोलिसांच्या नोंदीनुसार १८४९ ते १८५४ ह्या सहा वर्षांत सुमारे अडीच लक्ष माणसे घराबाहेर काढली गेली. एकंदर दहा लक्षांच्या आसपास माणसे भुकेने व भुकेच्या मागोमाग येणाऱ्या तापाने आणि हगवणीने मेली, तितकीच जहाजांत बसून गेली. दारिद्र्यरेषा, पात्रता, अटी व शर्ती हे शब्द वर्तमानपत्रात दिसले की आम्हांस हे १० गुंठे आठवतात.

हे ट्रेव्हेल्यनसाहेब आयर्लंडचे काम आटोपल्यावर १८५९ साली मद्रासचे गव्हर्नर झाले आणि नंतर हिंदुस्थान सरकारचे अर्थमंत्री. त्यांचे अर्थशास्त्रही येथे आले. सन १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल ह्यांनी दुष्काळी कामावरील मजुराचा शेर कमी करून दिवसास एक पौंड धान्य व वर थोडे पैसे एवढ्यावर आणला. मुंबई इलाख्यातील मजुरांनी ह्यावर हजारोंच्या संख्येने कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगाव माणसे पाठवून खरी स्थिती लिहून काढून सरकारपुढे ठेवली. सभेचे ते काम आजच्या कोणत्याही शेतकरी संघटनेने अभ्यासावे असे आहे. त्या दुष्काळानंतर नेमलेल्या कमिशनाने १८८० साली अहवाल दिला व दुष्काळाचे नियम बांधले गेले.

आता १८९९ कडे येऊ. त्या साली पाऊस गेला. दोनच वर्षांपूर्वीची टंचाई अंगावरच होती. वैरण नाही, पाणी नाही. प्रथम गुरे गेली. ज्याचे बैल गेले तो पुढल्या मृगाला पाऊस येऊनही उभा राहू शकत नाही, हे कुणब्यास सांगावयास नको. मागून पटकी आली. बीडची दीड लक्ष माणसे कमी झाली त्यांत मेली किती व पोटामागे वऱ्हाडात, मुंबईकडे गेली किती, ह्याचा निवाडा खानेसुमारीच्या आकड्यावरून होत नाही. आयर्लंडात निदान जहाजांच्या याद्या राहिल्या आहेत. आमच्या माणसांनी गाठोडे उचलले आणि गोदावरीचा उतार ओलांडला, त्याची यादी कोणी केली नाही.

पेवे का रिकामी होती? आमच्या मते ह्यास एक कारण नाही. पाऊस दोनदा गेला, हे पहिले. पण त्याआधीची चाळीस वर्षेही पाहिली पाहिजेत. सन १८६१ ते ६५ च्या अमेरिकेतील यादवीने विलायतेस कापूस मिळेना, आणि दख्खन-वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. ज्वारीच्या रानात कपाशी शिरली. सन १८७० च्या मार्चमध्ये खामगावची कापसाची आगगाडी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ह्यांच्या हस्ते सुरू झाली. हे मेयो आयर्लंडचेच जमीनदार घराण्यातील. तरुणपणी १८४६-४७ च्या दुष्काळात त्यांनी स्वतः लोकांत हिंडून मदतीचे काम केले होते, व त्यांच्याच कारकीर्दीत, १८७१ साली, हिंदुस्थान सरकारचे पहिले शेतकी खाते निघाले. भला मनुष्य, पण आगगाडी धान्य आणते तशी नेतेही. सारा रोख भरावयाचा, तोही हप्त्याला. निजामी हद्दीत हाली शिक्क्याचा व कलदाराचा बट्टा वेगळा. मग सुगीला भाव पडलेला असताना ज्वारी विकावयाची, आणि चैत्रात तीच सावकाराकडून दिढीने आणावयाची. पेवात काय पडावे? हैदराबाद-मनमाड लोहमार्ग औरंगाबादेस १९०० च्या सुमारास आला. दुष्काळाच्या वेळी धान्य येण्यास त्याचा उपयोग झालाच असेल. पण ज्याचे बैल मेले व मजुरी नाही, त्याने आलेले धान्य घ्यावे कशाने? आयर्लंडच्या बंदरांतही १८४७ साली बाहेर जाणाऱ्यापेक्षा येणारे धान्य अधिक झाले होते. तोवर पैका संपला होता.

सावकाराचा विषय निघाला तेव्हा एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती आमच्या माणसांस फारशी ठाऊक नाही. सन १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी लोकांनी व्यवहार तोडला. कोणी त्याचे शेत कापीना, घोड्यास नाल मारीना, टपाल पोचवीना. शेवटी अल्स्टरहून पन्नास मजूर आणून, सुमारे हजार शिपायांच्या पहाऱ्यात पीक काढावे लागले. पाचशे पौंडांच्या मालास दहा हजार पौंड खर्च आला. त्याच्या नावावरून इंग्रजी भाषेस एक शब्द मिळाला. परंतु ह्याच्या सहा वर्षे आधी, १८७४ साली, पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात कर्डे गावी हेच घडले होते. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख ह्यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळविला आणि त्यांचे घर पाडण्यास काढले. गावाने सावकाराचा नांगर सोडला. न्हावी, पाणके, नोकर सर्वांनी काम टाकले. अखेर सावकारास गाव सोडून शिरूरला जावे लागले. पुढल्या वर्षी १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारी रयत उठली व ती लाट नगर जिल्ह्यात पसरली. लोकांनी मागितले ते दागिने वा धान्य नव्हे, रोखे व खतावण्या. त्या मिळाल्या की जाळल्या. जीवास अपाय फारच थोडा झाला. सरकारने ९५१ लोक पकडले आणि कमिशन बसविले.

सावकारास केवळ राक्षस ठरवून मोकळे होणे आम्हांस पसंत नाही. सारा वाढविणारे, हप्ता बांधणारे आणि लेखी कागदास वेदवाक्य मानणारे न्यायालय, ही तिघे त्याच्या मागे उभी होती. त्या कमिशनामुळे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांत न्यायाधीशास रोख्याच्या मागे जाऊन मुळापासूनचा हिशेब पाहता येऊ लागला. कर्जासाठी तुरुंग बंद झाला. गोदावरीच्या अलीकडे, निजामी हद्दीतील गंगापूर-पैठणच्या कुणब्यास तो लागू नव्हता. पलीकडेही सावकार लवकरच शहाणे झाले. रोखा नको, सरळ खरेदीखत लिहून द्या. पैसे फेडाल तेव्हा जमीन परत करू, असा तोंडी बोल. ही पद्धत आजही मेलेली नाही. मुलीच्या लग्नापायी किंवा दवाखान्यापायी कोणी तोंडी बोलावर खरेदीखत करून देत असेल, तर त्याने परतीची अट त्याच कागदात लिहवून घेतल्यावाचून अंगठा अथवा सही करू नये, एवढे आम्ही हात जोडून सांगतो.

आयर्लंडात १८७९ च्या ऑक्टोबरात लँड लीग स्थापन झाली. मायकेल डेव्हिट हा तिचा प्राण. तो स्वतः चार वर्षांचा असताना त्याचे कुटुंब घराबाहेर काढले गेले होते. दोन वर्षांत, १८८१ साली, वाजवी खंड, हुसकून न लावण्याची हमी आणि आपला हक्क विकण्याची मोकळीक, ही तीन तत्त्वे कायद्यात आली, आणि १९०३ च्या कायद्याने सरकारी कर्ज घेऊन कुळांनी जमिनी विकत घेतल्या. आमच्याकडे जहागिरी १९४९ साली गेल्या आणि हैदराबादचा कूळकायदा १९५० साली आला.

जमिनीचा मालक झाल्याने आयरिश शेतकऱ्याचा संसार मात्र अजब रीतीने बदलला. दुष्काळापूर्वी तुकडे पाडणारा बाप आता एकाच मुलाच्या नावे सगळी जमीन करू लागला. तो मुलगा बाप थकेपर्यंत बिनलग्नाचा राही. एका बहिणीस हुंडा मिळे. बाकीच्यांनी जहाज धरावे. जाणाऱ्याच्या आदल्या रात्री घरी सुतकासारखी रात्र जागवीत, कारण तो परत दिसणार नाही हे सर्वांस माहीत असे. युरोपातील इतर देशांतून मुख्यत्वे पुरुष गेले. येथून मुलीही तितक्याच गेल्या, मोलकरणी झाल्या, आणि त्यांनी धाडलेल्या पैशांवर घरचा खंड फिटला व धाकट्याचे तिकीट निघाले. देशाची वस्ती १९०१ साली ४५ लक्षांवर आली. जमीन अखंड राहिली, घरे ओस पडली. आम्ही ह्याच्या उलट वाटेने गेलो. सन १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सरासरी खाते ४.२८ हेक्टरांचे होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टर भरले. भावाभावांत समान वाटणी हा आमचा धर्म, आणि तो सोडा असे आम्ही म्हणणार नाही. पण चार भावांनी बांध चार घालावे आणि विहीर, औजार, बाजार एक ठेवावा, ह्यास कोणता धर्म आड येतो?

बीडचा आकडा आम्ही आरंभी दिला. त्या जिल्ह्यातून आजही दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीस जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. आयरिश मुलगी निघे ती एकदाच. आमची माणसे दरसाल निघतात व दरसाल परततात, त्यामुळे रात्र जागविण्याची चाल आमच्याकडे पडली नाही इतकेच.

सहकाराविषयी दोन शब्द लिहून हा लेख पुरा करू. पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढावी अशी योजना विल्यम वेडरबर्न व न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८८२ च्या सुमारास मांडली. हिंदुस्थान सरकारने शिफारस केली, विलायतेत भारतमंत्र्यांनी नाकारली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा येण्यास १९०४ उजाडले. आयर्लंडात होरेस प्लंकेट ह्यांनी १८८९ साली लिमरिक परगण्यात पहिली सहकारी दूधडेअरी उभी केली. ती पहिली संस्था निघेपर्यंत त्यांच्या पन्नास सभा फुकट गेल्या होत्या. आमच्या तालुक्यांच्या चिटणीसांनी तिसऱ्या सभेस गर्दी झाली नाही म्हणून राजीनामा पाठविण्यापूर्वी हा आकडा ध्यानात घ्यावा.

पेवांविषयी आम्ही वर लिहिले ते बहुतांशी वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून. ज्या सभासदांच्या गावी जुन्या पेवांच्या जागा माहीत असतील त्यांनी खोली, तोंडाची रुंदी, मुरूम कसा आहे आणि पेव शेवटचे कोणत्या साली उघडले, एवढे लिहून पाठवावे. घरी मोडी किंवा उर्दू फसली पावत्या, सावकारी खतावण्या असतील तर त्यांच्या नकलाही पाठवाव्या. मूळ कागद कोणासही देऊ नयेत. आत उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहण्यास विसरू नये.